वाघाच्या गावाला जाताना

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

आमच्या घरात प्रवासाची कारणे तीनच. देव, लग्न आणि दवाखाना. देवासाठी पंढरपूर, जेजुरी, शिखर शिंगणापूर. लग्नासाठी करमाळा, माढा, दौंड. आणि दवाखान्यासाठी बारामती, फारच झाले तर पुणे. 'सहल' हा शब्द माझ्या शाळेच्या दप्तरातून घरात आला आणि तेथेच राहिला. घरातली सगळी माणसे मिळून नुसते काही पाहण्यासाठी बाहेर पडतात, ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती.

असे असूनही २०२४ च्या मे महिन्यात आमच्या घरातील सहाही माणसे इंदापूर तालुक्यातून निघून साडेसातशे किलोमीटरवरील ताडोबा राष्ट्रीय उद्यान पाहून आली. मी तेव्हा बारावीची परीक्षा दिली होती. त्या सहलीची आखणी माझ्याकडे होती. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारख्या पुष्कळ मुली-मुलगे आहेत, की ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी प्रथम त्यांनीच चढली. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात असा बेत आला तर तो कसा आखावा, काय चुकते आणि काय हाती लागते, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय?

मी घरात प्रथम विषय काढला तेव्हा आज्जी म्हणाली, "वाघाचं काय बघायचं? बिबट्या रोज उसात येतोय की." आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खर्च विचारला. आबा मात्र बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "राष्ट्रीय उद्यान म्हंजी, तितलं गाव उठवलं आसंल न्हवं?"

हा प्रश्न आबांनाच सुचावा याला कारण आहे. आमचे जुने गाव भीमेच्या काठी होते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांतील नदीकाठची गावे जलाशयाखाली गेली. आबा तेव्हा पंचविशीत होते. घराचे वासे आणि दाराची चौकट बैलगाडीत घालून ते वरच्या माळावर आले. आम्ही आजही त्याच गावठाणात राहतो. त्यामुळे सरकारी नकाशावर एखाद्या जागेला नवे नाव पडले, की आबा तिचे जुने नाव विचारतात.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पुढील माहिती मिळाली. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान अमेरिकेत यलोस्टोन येथे १८७२ साली झाले. तेथील लोक आजही उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटार काढून सहकुटुंब अशा उद्यानांकडे जातात. पण त्या मुलुखात पूर्वीपासून शिकार करून राहणाऱ्या आदिवासी जमातींना तेथून दूर व्हावे लागले होते, हेही त्या इतिहासात आहे. भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी झाले. त्यालाच आपण आज कॉर्बेट म्हणतो. महाराष्ट्रातील पहिले म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा. ते १९५५ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर आहे. १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले व १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात स्थानिक लोकांचे चराईसारखे काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात ते राहत नाहीत. गुरे चारता येत नाहीत आणि कोणाची खाजगी मालकी उरत नाही. थोडक्यात, आबांचा अंदाज बरोबर होता. ताडोबाच्या जंगलातील बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे व्याघ्रप्रकल्पासाठी बाहेर हलवण्यात आली आहेत. हे मी त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग जाऊ. बघून यिऊ."

कोणते उद्यान निवडावे?

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवलीचे संजय गांधी आणि चांदोली. आम्हांला जवळचे म्हणजे चांदोली. फलटण, सातारा, कराड, शिराळा असे गेले की एका दिवसात पोहोचता येते. ते २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु ते सह्याद्रीच्या माथ्यावरचे सदाहरित रान आहे. तेथे झाडांची पाने मे महिन्यातही गळत नाहीत. म्हणून दाट झाडीत प्राणी दिसणे अवघड. ताडोबा हे पानगळीचे रान आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांचे. उन्हाळ्यात ते उघडे पडते.

ज्यांना एवढा खर्च किंवा वेळ जमत नाही त्यांनी निराश होऊ नये. आपल्या बारामती तालुक्यातच सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली झालेले हे अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे, माळरानाचे. तेथे चिंकारा हरणे दिसतात. मी प्रथम सायकलवर जाण्यासारखी ती जागा पाहिली आणि मगच पुढची हौस धरली. आपल्या दाराशी काय आहे ते पाहून मग दूर जावे, असे माझे मत आहे.

उन्हाळाच का?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, हे वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक आहे. मग शहाण्या माणसाने त्या दिवसांत तिकडे का जावे? याचे कारण पाणी. हिवाळ्यात जंगलात ओढेनाले, डबकी सगळीकडे असतात. जनावर कोठेही पाणी पिते. उन्हाळ्यात ती आटतात. मग तलाव आणि वनखात्याने बांधलेले पाणवठे एवढेच उरतात. काही पाणवठ्यांत सौरपंपाने पाणी सोडतात. सगळ्या जनावरांना तेथे यावेच लागते. पाने गळल्यामुळे नजर लांबवर जाते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरे मोजतात, तीही याच तत्त्वावर. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, जंगलाचा गाभा पर्यटकांना बंद असतो.

आमच्या घराला दुसरेही कारण होते. आण्णा वडापची जीप चालवतात. उसाचा हंगाम आणि लग्नसराई हे त्यांच्या कमाईचे दिवस. त्या वर्षी आमच्या पंचांगात मे महिन्यात लग्नतिथी थोड्या होत्या. ७ मे रोजी आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते. ते उरकल्यावर निघायचे ठरले.

आता माझी पहिली चूक सांगते. मी काढलेल्या पहिल्या वेळापत्रकात १२ मे, रविवारी निघणे आणि १४ मे रोजी सकाळी जंगलात जाणे, असे होते. वही आण्णांना दाखवण्याच्या आदल्या रात्री लक्षात आले, की १४ मे हा मंगळवार आणि ताडोबा दर मंगळवारी बंद असते. साडेसातशे किलोमीटर जाऊन बंद फाटकासमोर आम्ही उभे राहिलो असतो, तर आमच्या घरात पुन्हा कोणी 'सहल' म्हटले नसते. म्हणून निघणे एक दिवस पुढे ढकलले: सोमवारी निघायचे, मंगळवारी पोहोचायचे, बुधवारी जंगल. सुट्टीचा वार आधी पाहावा आणि त्याभोवती बाकीचे दिवस मांडावेत.

जंगलात स्वतःची गाडी नेऊन मनास येईल तसे हिंडता येत नाही. प्रवेशाचे आरक्षण आधी संगणकावरून करावे लागते. मे महिन्यातील गर्दी पाहता ते दोन-तीन महिने अगोदर केलेले बरे. शनिवारी-रविवारी शुल्क जास्त असते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि आमच्या घरात माणसे सहाच! आबा, आज्जी, आण्णा, आई, धाकटा भाऊ आणि मी. आरक्षणातील नाव ओळखपत्राप्रमाणे हवे. आबांच्या ओळखपत्रावर आडनावात एक अक्षर चुकलेले आणि जन्मतारीख, त्यांच्या वयाच्या सगळ्या म्हाताऱ्यांप्रमाणे, १ जानेवारी. आडनाव जसे चुकीचे छापले होते तसेच मी आरक्षणात भरले. ही युक्ती कागदपत्रांच्या रांगेत उभे राहून शिकलेली आहे.

खर्चाचा ताळा

खर्च मांडताना बहुतेक लोक तेल, टोल, मुक्काम आणि जेवण एवढेच धरतात. आम्ही आणखी एक रकाना घातला: बुडणारा रोज. जीप पाच दिवस सहलीला गेली म्हणजे पाच दिवस वडाप बंद. रोजावर जगणाऱ्या घराने हा रकाना विसरू नये. नाहीतर परत आल्यावर महिनाअखेरीस तो आपोआप आठवतो.

तेलाचा हिशेब सोपा. जाऊन-येऊन पंधराशे किलोमीटर. आमची जीप लिटरला बारा किलोमीटर देते. म्हणजे सव्वाशे लिटर डिझेल. लिटरला सुमारे नव्वद रुपये धरले तर सव्वाअकरा हजार. आण्णा म्हणाले, "वर हजार धर. घाट आहेत, भार आहे." हे पैसे आईने दिले. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो; त्यातून ती वर्षभर थोडे बाजूला ठेवत होती. कशासाठी ते तिने कोणाला सांगितले नव्हते. नंतर मी विचारले तेव्हा म्हणाली, "तुझ्या पुढच्या फीसाठी." मी वही मिटली. ती म्हणाली, "फीचं पुन्हा बघू. तुझ्या आबांचं पुन्हा होणार न्हाई." म्हणून वहीत या रकमेपुढे मी 'उसने' असे लिहिले आहे.

वाट

इंदापूरहून विदर्भात जायला वाटा पुष्कळ. समृद्धी महामार्ग आमच्यासाठी आडवाटेला पडतो. जवळची वाट टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी आहे. दुसरी सोलापूर, तुळजापूर, औसा, लातूर अशी. ती लांब, पण चौपदरी. मी नकाशावर पट्टीने मोजून जवळची वाट लिहिली. आण्णांनी ती खोडली. रुंद रस्त्यावर गाडी एका चालीने जाते, गरम कमी होते आणि म्हाताऱ्या माणसांना हिसके बसत नाहीत. शिवाय तुळजापूर वाटेत आले, त्यामुळे आज्जीचा सगळा विरोध मावळला. नकाशावरचे अंतर आणि चालकाचे अंतर वेगळे असते, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हते.

वेळापत्रक उन्हाप्रमाणे केले. पहाटे चारला निघायचे, अकराला थांबायचे, दुपारी चारनंतर पुन्हा चालायचे. आमच्या जीपला थंड हवेचे यंत्र नाही. आमचे यंत्र म्हणजे पहाट. मुक्काम असे ठरले:

पहिला दिवस: घर ते तुळजापूर, १७५ किलोमीटर, सकाळी साडेसात. दर्शन. तेथून लातूर, ८० किलोमीटर. दुपारची विश्रांती. संध्याकाळी नांदेड, १४० किलोमीटर. मुक्काम.

दुसरा दिवस: पहाटे पाचला नांदेड सोडून यवतमाळ, सुमारे १७० किलोमीटर. वणीवरून वरोरा, १२५ किलोमीटर. दुपारी आनंदवन. संध्याकाळी मोहर्ली.

तिसरा दिवस: सकाळी जंगल. बाकी दिवस विश्रांती. गाडीलाही आणि चालकालाही. चौथ्या व पाचव्या दिवशी त्याच वाटेने परत.

गाडीची तयारी आण्णांची. रेडिएटरचे पाणी, पंख्याचा पट्टा, स्टेपनी आणि टायर. झिजलेला टायर थंडीत चालून जातो, पण तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर फुटतो. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासावी. खाण्याची तयारी आईची व आज्जीची. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या. वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, एक पिण्यासाठी आणि एक रेडिएटरसाठी. आज्जीने प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला. त्याने ऊन लागत नाही असे ती म्हणते; निदान त्याने भूक चांगली लागते, असा माझा अनुभव आहे.

वाटेत काय दिसते?

१३ मेला पहाटे आम्ही निघालो. थोड्याच वेळात पळसदेव आले. २०२४ हे दुष्काळाचे साल. उजनी तळाला गेली होती आणि पळसनाथाचे जुने, एरवी पाण्यात बुडालेले देऊळ पूर्ण उघडे पडले होते. ते पाहायला लांबून माणसे येत होती. अंधारात काही दिसत नव्हते, तरी आबांनी त्या दिशेला हात जोडले.

मोहोळच्या पुढे लांबोटीला सीना नदी लागते. तिथला मक्याचा चिवडा प्रसिद्ध. भावाने दोन पुडे घ्यायला लावले. सोलापुरात उजाडले. तुळजापूरचे दर्शन झाले. औशाच्या पुढे आण्णांनी किल्लारी कोणत्या बाजूला ते दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ती आणि आसपासची गावे पडली. मग नव्या जागी सरळ रस्त्यांची, सारख्या घरांची गावे वसवली गेली. लातूरला दुपार काढली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने ज्या शहराला पिण्याचे पाणी आणावे लागले, तेच हे लातूर. आई हंड्यांची रांग पाहत म्हणाली, "हितं आपण कॅन भरायचा न्हाई." तो आम्ही नांदेडला भरला.

नांदेडला गोदावरीकाठी गुरू गोविंदसिंगांचा गुरुद्वारा आहे. १७०८ साली त्यांचे देहावसान येथेच झाले. यात्री निवासात राहिलो, लंगरात जेवलो. आबांना नवल वाटले ते एवढेच, की कोणी जात-गाव विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी पैनगंगा ओलांडली आणि विदर्भ सुरू झाला. माती काळी झाली, उसाऐवजी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या दिसू लागल्या, टेकड्यांवर साग आला. रस्त्याच्या कडेला बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला होता. आमच्याकडे तो शाळेच्या आवारात एखादा असतो. इथे टेकडीवर आपला आपण उभा. या वाटेचे सौंदर्य हिरवे नाही. करडे, तांबूस, मधूनच पिवळे. पण सूर्य उगवताना यवतमाळच्या अलीकडे ते पाहावे. आईने गाडी थांबवायला सांगितली. देऊळ नाही, पाहुणे नाहीत, गाडीत बिघाड नाही, आणि तरी आमची गाडी थांबली, असे प्रथमच झाले.

वरोऱ्याचे आनंदवन बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी सुरू केले. समाजाने बाहेर काढलेल्या माणसांनी खडकाळ जमिनीवर गाव उभे केले. माग चालतात, शेती चालते. दुपार तिथे गेली. वरोऱ्यापुढे रस्त्याकडेला तेंदूच्या पानांची पुडकी ओळीने वाळत घातलेली दिसली. मे हा तेंदूपाने तोडण्याचा महिना. बायका पहाटे जंगलात जातात. वाघही तिथेच असतो, त्याच वेळी. चंद्रपूर जिल्ह्यात पाने तोडताना वाघाच्या हल्ल्यात बायका मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आपण ज्या वाघाला पाहायला पैसे भरतो, त्याच्याच रानात कोणी पोटासाठी वाकलेले असते. आज्जी म्हणाली, "सोलापुरात बाया इड्या वळत्यात, त्येची पानं आशी येत्यात व्हय?" होय, अशाच जंगलांतून येतात.

जंगलात

बुधवारी पहाटे मोहर्लीच्या फाटकावर ओळखपत्रे तपासली. आबांचे चुकीचे आडनाव चुकीच्या आडनावाशी बरोबर जुळले. आत मोबाईल नेता येत नाही. त्यामुळे माझ्याकडे एकही छायाचित्र नाही.

वाघ दिसला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचक वाट पाहत असतील. धुळीत ताज्या पंजाचे ठसे दिसले. एकदा चितळ ओरडले, वानर ओरडले, जिप्सी बंद करून सगळे श्वास रोखून बसले. पण बांबूतून कोणी बाहेर आले नाही. रानगवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली, तलावावर मगर दिसली. तलावाकाठी तारू देवाचे स्थान आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना तो पडला आणि देव झाला, असे सांगतात. त्यावरूनच ताडोबा हे नाव. पौषात तिथे गोंड आदिवासींची जत्रा भरते.

एका ठिकाणी झाडी संपून मोठे गवताळ मैदान लागले. चितळांचे कळप चरत होते. वाटाड्या काही सांगणार तोच आबा म्हणाले, "हितं गाव हुतं."

वाटाड्याने मागे वळून पाहिले. "होय बाबा, जामणी. तुम्हाला कसं कळलं?"

आबांनी बोट दाखवले. मैदानाच्या कडेला चिंचेची आणि आंब्याची झाडे होती. "चिचा आशा रानात उगवत न्हाईत. लावल्याल्या हायती. ती घरामागची. आन् ती वाट न्हवं, ती गल्ली."

मग त्यांनी विचारले, जरा खाली उतरता येईल का? वाटाड्याने नम्रपणे नाही म्हटले. जंगलात गाडीतून उतरणे मना आहे, ते आपल्याच जिवासाठी. आबांनी मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या गावावर पानी, ह्यांच्या गावावर गवत. हरनं तरी खात्यात." आणि मग, "लोकं कुटं गेली?"

वाटाड्याने सांगितले, की गाव जंगलाबाहेर वसवले आहे. शेती आहे, रस्ता आहे, मुले शाळेत जातात. २००८ पासून व्याघ्रप्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला दहा लाख रुपयांची किंवा जमीन-घराची योजना होती, हे मी वाचले होते. मी ते सांगितले. आबांनी ऐकून घेतले. आम्हांला मिळाले त्यापेक्षा ते पुष्कळ आहे, हे त्यांना कळत होते. पण त्यांचा प्रश्न रकमेचा नव्हता. ते त्या चिंचांकडे पाहत राहिले आणि भाऊ ठशांकडे. आज्जी मात्र म्हणाली, "वाघ दिसला न्हाई त्ये बरं झालं. दिसला आसता तर ह्या लोकांनी आपल्याला हितं थांबूच दिलं नसतं."

परत आल्यावर

येताना १७ मेच्या संध्याकाळी आण्णांनी घराजवळ न थांबता गाडी सरळ उजनीच्या पात्राकडे घेतली. हे माझ्या वहीत नव्हते. भेगाळलेल्या गाळातून वाट पडली होती. तिथे कोणी वाटाड्या नव्हता आणि उतरायला बंदी नव्हती. आबा चपला काढून पुढे चालू लागले. आमचे जुने गाव कोठे होते ते त्यांनी आम्हांला प्रथमच जागेवर उभे राहून दाखवले: हा आड, हे तालमीचे जोते, हा आपला उंबरा. शिंपल्या आणि गाळ यांशिवाय मला काही दिसले नाही. पण मी ते सगळे दुसऱ्या दिवशी कागदावर काढून घेतले. भूगोलाच्या वहीत तो नकाशा आहे. त्या पावसाळ्यात उजनी भरली आणि तो मुलूख पुन्हा पाण्याखाली गेला.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, सहल जरूर आखा. सुट्टीचा वार पाहा. पहाटे निघा. चालकाचे ऐका. बुडणारा रोज हिशेबात धरा. वाघ दिसणार नाही असे समजून जा, म्हणजे जे दिसेल ते पूर्ण दिसेल. आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बरोबर घ्या. आपण शिकलो म्हणून नकाशा आपल्याला वाचता येतो, हे खरे. पण नकाशावर जे उरलेले नाही ते वाचणारी माणसे आपल्या घरात आणखी किती वर्षे असणार?

परवा आण्णांनी स्टँडवर कोणाला तरी सांगताना मी ऐकले, "पोरीनं वहीत काढल्याल्या रस्त्यानं गाडी चालवली, पार चांद्यापतोर." आईचे उसने मात्र अजून फिटलेले नाही. वहीत तो रकाना उघडाच ठेवला आहे.